दुर्गेची पानथरी

पौषातल्या एका सकाळी मुर्ध्याच्या मिठागरावर दुर्गा मिठाची टोपली डोक्यावर घेऊन राशीवर चढता चढता मध्येच बसली. पडली नाही. टोपलीही सांडू दिली नाही. दोन्ही हातांनी ती धरून ठेवली, गुडघे मिठात रोवले आणि तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहिली. मागून येणारी बाई थांबली, तिच्यामागची थांबली, आणि फळीवर बायांची रांग खोळंबली.

"काय झायलं गो?" मुकादम रामू खालून ओरडला. "उठ, नायतर बाजूला तरी हो."

दुर्गा उठली. तेवढ्यात खाडीवरून वाऱ्याचा झोत आला आणि तिचं लुगडं अंगाला चापून बसलं. खाली टोपल्या भरत असलेल्या चंद्रावतीनं, तिच्या सासूनं, मान वर केली ती नेमकी तेव्हा. हातातलं फावडं मिठात तसंच राहिलं.

सुनेचं पोट पुढं आलं होतं.

चंद्रावती साठीला टेकलेली. गावची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. मुर्ध्यात कुणाच्याही घरी लग्न निघालं की भटाच्या आधी बोलावणं तिला. मांडवाच्या खांबापासून हळद उतरेपर्यंतचे सगळे धवले तिला तोंडपाठ होते. नवरा तरुणपणीच गेला, तरी गावानं हा मान तिच्याकडून काढून घेतला नव्हता. तीस वर्षांत तिनं गावातल्या निम्म्या नवऱ्या हळदीला बसवल्या आणि त्यांची पोटं भरतानाही पाहिली. चालण्यावरून महिना सांगते, अशी तिची ख्याती. त्याच डोळ्यांनी तिनं आता सुनेकडं पाहिलं आणि महिने मोजले. चौथा. पाचवाही असेल.

तिचा मुलगा परेश जाऊन अडीच वर्षं झाली होती. रेतीच्या बोटीवर तो डुबी मारायचा. खाडीच्या तळाशी बादली भरायला गेला तो वर आला नाही. मागं राहिली दुर्गा आणि साडेचार वर्षांची रीमा. ती आता सात वर्षांची होती.

चंद्रावतीनं आजूबाजूला पाहिलं. फळीवरच्या बायाही दुर्गेकडंच बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं.

चंद्रावती दिवसभर टोपल्या भरत राहिली. तिन्हीसांजेला दोघी घरी आल्या. पाय धुऊन झाले, मिठानं चरचरणाऱ्या टाचांना खोबरेल लागलं, तेव्हा तिनं रीमाला शेजारी पाठवलं आणि दाराला कडी घातली.

"कोनाचा?" तिनं विचारलं.

दुर्गा चुलीपुढं बसली होती. तिला आधी कळलंच नाही. "काय कोनाचा, आय?"

"पोटात हाय तो."

दुर्गेच्या हातातली फुंकणी खाली आली. ती सासूकडं बघत राहिली. त्या बघण्यात भीती असती तर चंद्रावतीचा हात कदाचित उठला नसता. भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. चंद्रावतीला तो निलाजरेपणा वाटला. तिनं पुढं होऊन सुनेच्या गालावर एक ठेवून दिली, मग दुसरी.

"माज्या पोराच्या नावावर थुकलीस! तीन वरसं न्हाय झायली त्याला!"

"आय, मना ताप येतंय गनपतीपासून," दुर्गा म्हणाली. रडली नाही ती. "थंडी वाजून येतंय, तुना म्हायती हाय. तवापासून ह्या कुशीला जड लागतंय. हात लाव. पोर असं एका कुशीला रातं का?"

तिनं सासूचा हात धरून आपल्या डाव्या बरगडीखाली ठेवला. चंद्रावतीच्या तळव्याला काहीतरी घट्ट लागलं. बरगडीखालून निघून बेंबीच्या पार खाली उतरलेलं, पाटा-वरवंट्यातल्या पाट्यासारखं, एका बाजूला धार असलेलं. तिनं किती बायांची पोटं चाचपली होती. असं काही तिच्या हाताला कधी लागलं नव्हतं. हाताला शंका आली, पण मन ऐकेना. रागात माणसाला आपल्या हातावरही भरवसा राहत नाही.

"उद्या सगलं कलेल," ती म्हणाली आणि हात ओढून घेतला.

ताप येत होता, हे खरं होतं. मुर्ध्याच्या रस्त्यालगत त्या वर्षी इमारतींचे खड्डे पडले होते. पावसाचं पाणी त्यांत महिनोन्‌महिने साचून होतं. घरटी एकजण तापानं फणफणला होता. कंपाउंडरची सुई घ्यायची, दोन दिवस घाम येऊन ताप उतरायचा, की पुन्हा कामावर. दुर्गेचा ताप चारदा उतरला आणि पाचदा चढला. कामावरून ती कधी राहिली नाही म्हणून कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजी आला. चंद्रावतीचा धाकटा दीर. गावकीत त्याचा शब्द चालायचा. तो ओटीवर टेकला, पाणी घेतलं नाही.

"वयनी," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मिठागरावरनं बोलनं गावात आयलंय. वैशाखात माज्या पोरीचं लगीन हाय. धवले तुजेच. त्याच्या आदी काय तो निकाल लाव. मी यापरीस जास्ती बोलनार न्हाय."

"कसला निकाल?"

"तू धवलारीन हायस. तुना मी सांगू?"

तो गेला. चंद्रावतीनं दोन चांगली लुगडी काढली. एक स्वतः नेसली, एक सुनेपुढं टाकलं.

भाईंदर पश्चिमेला बाजारामागच्या गल्लीत डॉक्टर गुणवंतभाईंचा दवाखाना होता. गुजराती माणूस, पण मराठी बोलायचा, आपल्या पद्धतीनं. रिक्षातून उतरल्यावर चंद्रावतीनं दुर्गेला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नंबर आल्यावर एकटीच आत गेली. दार लावून घेतलं.

"सून हाय," तिनं खालच्या आवाजात सांगितलं. "मुलगा न्हाय माजा, वारला. तिना मोकली करून द्या. कोनाला कलता उपयोगाचं न्हाय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "मांजी, मी ते काम करत नाय. आणि पेशंट कुठं हाय? पेशंट बघितल्याशिवाय तुम्हीच डॉक्टर झाल्या?"

दुर्गेला त्यांनी आडवं झोपवलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत रक्ताचा थेंब नसल्यासारखं पांढरं. जीभ पाहिली, नखं पाहिली. मग तिच्या पोटावर बोटं ठेवून, तिला मोठा श्वास घ्यायला लावून, ते खालून वर चाचपत गेले. बेंबीपाशी थांबले.

"ताप कधीपासून?"

"गनपतीपासून."

"थंडी वाजून?"

"दोन-दोन गोधड्या पुरत न्हायत."

"पाळी?"

दुर्गेनं सासूकडं पाहिलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "दर मैन्याला येतंय. कमी येतंय, पन येतंय."

हा प्रश्न चंद्रावतीनं तिला विचारलाच नव्हता.

"मांजी, हे बाळबीळ काय नाय," डॉक्टर म्हणाले. "ही पानथरी हाय. प्लीहा. सारखा सारखा मलेरिया झाला की कोणाकोणाची अशी वाढते. रक्त तपासू आणि सोनोग्राफी करून घेऊ. किती वाढली ते मोजलं म्हणजे औषध दिल्यावर किती उतरली ते कळेल. आणि हिला वजन उचलायला लावू नका. पोटावर मार तर अजिबात बसता कामा नये. फुटली तर बाई हातात राहणार नाय."

मार म्हटल्यावर चंद्रावतीनं मान खाली घातली.

सोनोग्राफीचं सेंटर त्याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकांवर सगळ्या पोटुशा बाया, सोबत सासवा, आया, एखादा नवरा. दुर्गेनं जागा बघितली आणि पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला. कोपऱ्यात हंसा बसली होती, दाजीची सून, शशिकांतची बायको. तिला पाचवा महिना होता. तिनं दोघींकडं पाहिलं, दुर्गेच्या पोटाकडं पाहिलं, आणि "आत्या, तुमी हिकडं?" एवढंच म्हणाली. "तपासायला," चंद्रावती म्हणाली. हंसानं मान हलवली आणि भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत राहिली.

आत अंधार होता. डॉक्टरीण तरुण होती, क्षितिजा नावाची. नातेवाइकांनी बाहेर थांबावं, असं ती म्हणाली, पण चंद्रावती दारातून हलेना. तेव्हा तिनं येऊ दिलं.

दुर्गेच्या उघड्या पोटावर थंडगार काहीतरी ओतलं. ती शहारली. डॉक्टरीण हातातलं यंत्र पोटावरून फिरवायला लागली आणि समोरच्या काचेवर करड्या रंगाचं काहीबाही हलायला लागलं, गढूळ भरतीचं पाणी हलतं तसं. चंद्रावतीनं डोळे ताणले. तिला कुठं डोकं, कुठं हात दिसतो का ते ती शोधत होती.

"काय शोधताय, आजी?"

"मूल," चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरणीचा हात थांबला. तिनं दुर्गेच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग यंत्र ओटीपोटाकडं नेलं आणि शांतपणे म्हणाली, "हे गर्भाशय. रिकामं आहे, बघा. इथं काही नाही." यंत्र डाव्या कुशीला आलं. "आणि ही यांची पानथरी. हा वरचा काठ, हा खालचा." काचेवर एक फुली उमटली, मग दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये ठिपक्यांची रेघ. "एकवीस सेंटिमीटर. साधारण माणसाची अकरा-बारा असते. एवढं ओझं घेऊन या काम करत होत्या?"

"मिठागरावर," दुर्गा छताकडं बघत म्हणाली. "टोपल्या वायते."

चंद्रावती टेबलाच्या पायथ्याशी गेली. तिनं सुनेच्या पायाला हात लावला, तळव्याला, जिथं मिठानं भेगा पडल्या होत्या. दुर्गेनं पाय मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही. डॉक्टरणीनं दिलेल्या कागदानं तिनं पोट पुसलं, लुगडं सारखं केलं आणि बाहेर जिन्यात आल्यावर विचारलं,

"आता पटलं तुमाला?"

लग्न होऊन आल्यापासून ती सासूला तू म्हणायची. चंद्रावतीनं ते ऐकलं आणि जिना उतरली.

रक्तात वाईट काही निघालं नाही. औषध सुरू झालं. दर रविवारी कडू गोळ्या, रोज लोहाची एक गोळी. सहा महिने घ्यायचं, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा मोजायचं, असं डॉक्टर गुणवंतभाईंनी बजावलं. दुर्गेचं काम सुटलं. चंद्रावती एकटीच मिठागरावर जायला लागली. भरणीचं हलकं काम सोडून तिनं रामूकडं डोक्यावरच्या टोपल्या मागून घेतल्या, सुनेच्या वाट्याच्या. साठीतल्या मानेला ते झेपत नव्हतं. दुपारी फळीवरून उतरताना तिच्या पोटऱ्या थरथरायच्या. तिला त्यात बरंही वाटायचं. आपण काहीतरी फेडतोय असं वाटायचं.

घरी ती दुर्गेला जागची हलू देत नव्हती. खाडीतल्या निवट्यांचं कालवण करायची, त्यातला मोठा वाटा तिच्या ताटात घालायची. रविवारी गोळ्या घेतल्यावर दुर्गेला मळमळायचं, तेव्हा गुळाचा खडा घेऊन बसायची. दुर्गा सगळं घ्यायची. "द्या," म्हणायची, "पुरे," म्हणायची. रीमाशी बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा असायचा. सासूशी बोलताना पाहुण्यांशी बोलावं तसा.

एकदा चंद्रावतीनं धीर केला. "दुर्गे, माजा हात उठला तवा माजं डोस्कं ठिकानावर नवतं."

"मारलंत ते मी इसरली," दुर्गा तांदूळ निवडत म्हणाली. "हाताचं काय येवडं."

चैत्रात दुसरी सोनोग्राफी झाली. डॉक्टरणीनं पुन्हा दोन फुल्या मारल्या, रेघ ओढली. सतरा. "छान उतरतेय," ती हसून म्हणाली आणि काचेवरचं चित्र चकचकीत कागदावर काढून दिलं. दुर्गेच्या चेहऱ्यावर रंग आला होता. नखं गुलाबी दिसत होती. पोट खरंच आत गेलं होतं.

त्या दिवशी चंद्रावतीला कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं. गावच्या नळावर हंडा लावता लावता तिनं सांगून टाकलं. "उतरली गो पानथरी! चार बोटं उतरली!"

"उतरली का?" एकजण म्हणाली. "बरं झायलं." दुसरी नुसतीच खोकली. चंद्रावती भरला हंडा कमरेवर घेऊन वळली आणि दहा पावलांवर गेली, तेव्हा मागून हंसाचा आवाज आला. हलका करायचा म्हणून हलका केलेला, पण ऐकू जावा असाच.

"पयलं पोट वर येतं. मंग सासू तिना घेऊन सोनोग्राफीत जातं, मी माज्या डोल्यानं बघितलं. मंग दोन-तीन मैन्यात पोट खाली. अशी कसली गो पानथरी? आमाला न्हाय कवा उतरली ती!"

बायांच्या हसण्यात नळाचा आवाज बुडून गेला.

चंद्रावतीचा हंडा हिंदकळला आणि लुगडं भिजलं. तिला तोवर वाटत होतं की पोट उतरलं की बोलणं उतरेल. आता तिला कळलं, ते उलटं होतं. पोट वाढलं तेव्हा गावाला नुसता संशय होता. पोट उतरलं आणि गावाची खात्री झाली.

त्याच संध्याकाळी ती दोन्ही रिपोर्ट घेऊन दाजीच्या ओटीवर गेली. कागद इंग्रजीत होते. दाजीचा मुलगा शशिकांत नगरपालिकेच्या कचेरीत कारकून होता. दाजीनं त्याला बाहेर बोलावलं. आणखी चार माणसं ओटीवर बसली होती.

"वाच," दाजी म्हणाला.

शशिकांत बोट फिरवत वाचू लागला. यकृत बरोबर आहे. मूत्रपिंडं बरोबर आहेत. पानथरी मोठी आहे, सतरा सेंटिमीटर. मग तो अडखळला. हातातला कागद चैत्रातला होता.

"पुढं?"

"गर्भाशय..." शशिकांतनं बापाकडं पाहिलं. "गर्भाशय रिकामं आहे, असं लिहिलंय."

दाजीनं तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली.

"आता रिकामं हाय," तो म्हणाला. "तेच तर सगली बोलतान, वयनी."

"अरं, दुसरा कागद वाच! पौषातला! त्यातपन तेच लिवलंय!"

"कागदावर काय, कोनी कायपन लिवतं," दाजी म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. दुःखी होता, आणि तेच चंद्रावतीला जास्त लागलं. "तू घरी जा."

शशिकांतनं दोन्ही कागद नीट घडी घालून तिच्या हातात दिले. पौषातला कागद त्यानं उघडला नाही.

वैशाखात दाजीच्या पोरीचं लग्न आलं. मांडव पडला, लाऊडस्पीकर लागला. चंद्रावतीला वाटत होतं, शेवटी दाजी येईल. तीस वर्षांत तिच्याशिवाय मुर्ध्यात हळद लागली नव्हती. हळदीच्या दिवशी दुपारी भोंग्यातून आवाज आला, तो शेजारच्या राई गावच्या धवलारणीचा. बाई तरुण होती, गळा चांगला होता. पण ती दुसऱ्या कडव्याच्या जागी चौथं म्हणत होती.

चंद्रावती दारात बसून ऐकत राहिली. ओठ आपोआप हलत होते. जिथं राईची बाई चुकायची तिथं ती बरोबर ओळ म्हणायची, मनातल्या मनात. दुर्गा आत रीमाची वेणी घालत होती.

"माज्यापायी," दुर्गा आतून म्हणाली.

एवढ्यानं चंद्रावती उठली. तिनं पायात काही घातलं नाही. दुर्गा "आय, नका जाव," म्हणेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

मांडवात बाया दाटीनं बसल्या होत्या. नवरी पाटावर, अंगाला हळद, वाट्या, आंब्याची पानं. चंद्रावतीला बघून राईची बाई गायची थांबली. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. दाजीची बायको उठून पुढं आली, पण चंद्रावतीनं तिला हातानंच थांबवलं.

"मी गायला न्हाय आयली," ती म्हणाली. "मना मान नको. पन माज्या सुनंला बोल लावू नका. ऐका, बायांनो. तिच्यावर पयला संशेव मीच घेतला. तुमच्या आदी. मी तिना मारलं. मी डाक्टरकडं गेली आनि माज्या तोंडानं त्याला सांगितलं, हिना मोकली करून दे. तवा तो बोलला, बाय, हे पोर न्हाय, पानथरी हाय. येवडा गुना माजा हाय. तिचा काय न्हाय. गावानं शिक्षा मना करावी."

तिला वाटलं होतं की एवढं खरं बोलल्यावर कुणीतरी एकजण तरी पदर डोळ्याला लावेल. स्वतःच्या तोंडाला काळं फासून माणूस खोटं कशाला बोलेल?

मग हंसा, दिवस भरत आलेली, हात कमरेवर टेकून म्हणाली,

"ऐकलंत ना? आपल्याच तोंडानं बोलली. डाक्टरला बोलली, मोकली करून दे."

"तसं न्हाय गो..." चंद्रावती म्हणाली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. "करून दे बोलली," "सोताच बोलली," असं एकीकडून दुसरीकडं गेलं, पाटावरच्या नवरीपर्यंत गेलं, मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बायांपर्यंत गेलं. चंद्रावती वळली.

मांडवाच्या तोंडाशी दुर्गा उभी होती. सासूला परत न्यायला ती मागोमाग आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सेंटरमध्ये चंद्रावती मूल शोधत होती हे तिला माहीत होतं. पण दवाखान्यात, दाराआड, तिच्यासाठी काय मागितलं गेलं ते तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"चला घरी," दुर्गा म्हणाली. आणि सासूचा दंड धरून तिनं तिला साऱ्या बायांच्या देखत घरी नेलं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. चंद्रावती वाट बघत होती, पण झालं नाही. मिठागराचा हंगाम संपला. पाऊस लागला. घरच्या शेतात भाताची लावणी आली. दुर्गा आता हलकी कामं करायला लागली होती. अंग भरलं होतं, पाऊल झपझप पडत होतं. तिला तशी बघितली की गावातल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. रविवारच्या गोळ्या मात्र तिनं एकदाही चुकवल्या नाहीत.

आषाढात शेवटची सोनोग्राफी होती. दुर्गेनं रीमालाही सोबत घेतलं. हातात एक मोठी पिशवी होती. परतताना बाजार करायचा असेल, असं चंद्रावतीला वाटलं.

डॉक्टरणीनं यंत्र फिरवलं, फुल्या मारल्या. तिला पानथरीचा काठ शोधायला या वेळी बरगड्यांच्या आत डोकवावं लागलं. "बारा पूर्णांक चार," ती म्हणाली. "म्हणजे झालंच की! आता नुसता ताप आला तर लगेच यायचं, बाकी काही नाही." तिनं चंद्रावतीकडं वळून विचारलं, "आजी, आता घरी सगळे खूश असतील ना?"

"हो," चंद्रावती म्हणाली.

डॉक्टर गुणवंतभाईंनी पोट चाचपलं. पूर्वी बेंबीखाली लागणारं आता बोटाला कुठंच लागेना. ते स्वतःच खूश झाले आणि रीमाला एक चॉकलेट दिलं.

बाहेर पाऊस पडत होता. चंद्रावती रिक्षा बघायला लागली. दुर्गा स्टेशनच्या दिशेनं चालू लागली.

"हिकडं कुठं, दुर्गे?"

स्टेशनच्या पायऱ्यांपाशी, छत्री धरून, गोपीनाथ उभा होता. दुर्गेचा नायगावचा भाऊ. त्यानं चंद्रावतीला वाकून नमस्कार केला, पिशवी बहिणीच्या हातातून घेतली आणि दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. चंद्रावतीनं त्या पिशवीकडं पाहिलं. वरच रीमाची शाळेची पाटी दिसत होती.

"औशीद संपेपरेंत थांबली मी," दुर्गा म्हणाली. "तुमी टोपल्या वाहिल्यात माज्यासाठी. तेवडं अर्धं सोडून जानं बरं न्हवतं."

"गावाचं मनावर घेऊ नको. गाव काय, आज बोलतं, उद्या इसरतं."

"गावाचं न्हाय, आय."

पाऊस दुर्गेच्या तोंडावर येत होता. तिनं पदरानं पुसला.

"त्या दिवशी पानथरी निघाली, म्हनून मी तुमची सून रायली," ती म्हणाली. "दुसरं काय निघालं असतं, तर तुमी मना काय केलं असतंत? रोज जेवताना मी हाच इचार करतंय. तुमी ताटात वाडता आनि मी इचार करतंय."

चंद्रावतीनं उत्तर शोधलं, मनापासून शोधलं. खोटं सांगितलं असतं तर दुर्गेला कळलं असतं, आणि खरं तर दोघींनाही माहीत होतं.

रीमानं आजीच्या कमरेला मिठी मारली. "तू पन चल ना," ती म्हणाली. दुर्गेनं तिला हळूच सोडवून घेतलं. मग ती वाकून सासूच्या पाया पडली, रीतीप्रमाणं, ओल्या पायरीला कपाळ टेकेल एवढी. तिघं जिना चढून गेली. वळणावर रीमानं हात हलवला. दुर्गेनं मागं पाहिलं नाही, पण वर जाताना तिला दम लागत नव्हता, एकदाही थांबावं लागलं नाही. चंद्रावती ते बघत राहिली.

मुर्ध्यात उतरली तेव्हा दुपार कलली होती. घरी न जाता ती तशीच शेतावर गेली. सकाळी तिघींनी मिळून उपटून ठेवलेल्या रोपांच्या जुड्या बांधाला पाण्यात होत्या. उद्यापर्यंत ठेवल्या असत्या तर पिवळ्या पडल्या असत्या. तिनं लुगड्याचा काचा मारला आणि चिखलात उतरली. शेजारच्या शेतात बायांची ओळ वाकलेली होती. त्यातली रामू मुकादमाची बायको सरळ झाली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"एकलीच गो?" तिनं हाळी दिली. "सून कुठं ठेवलीस?"

सगळी ओळ ऐकायला थांबली. चंद्रावतीनं जुडीचा बंद सोडला, रोपं डाव्या हातात घेतली.

"बरी झायली ती," ती म्हणाली. "बरी झायली, म्हनून गेली."

आणि ती लावणीला वाकली.